किटच्या विमानात वायरिंग शेवटी का राहते?

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांवर आलेला लेख मी आणि माझ्या थोरल्या भावाने एकत्र बसून वाचला. या विषयावर मराठीत इतक्या आस्थेने कोणी लिहिले याचा आनंद झाला. लेखातील एक विधान मात्र आम्हा दोघांनाही खटकले. किट आणले की क्रमांक घातलेले भाग पुस्तिकेप्रमाणे एकमेकांना जोडत जायचे, चिकाटी असली की विमान तयार होते, अशा आशयाचे ते विधान आहे. दादाने आणि मी सात वर्षे खपून दोन आसनांचे, पूर्ण धातूचे एक विमान किटमधून बांधले आहे आणि त्या सात वर्षांतला फार मोठा वेळ जोडण्यात गेला नसून, जोडलेले का बसत नाही आणि बसलेले का चालत नाही हे शोधण्यात गेला. ही बाजू वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी किटच्या बाजूने बोलले पाहिजे. आजच्या धातूच्या किटमध्ये पत्र्यांना भोके कारखान्यातच संगणकाच्या साहाय्याने पाडलेली येतात, त्यामुळे भोकावर भोक जुळले की सांगाडा जवळजवळ आपोआप सरळ राहतो. पूर्वी यासाठी लाकडी साचे उभारावे लागत. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमाने हौशी लोकांनी बांधून उडवली, त्यामागे ही सोय मोठी आहे. अमेरिकेतल्या नियमानुसार अशा विमानाच्या बांधणीतला निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेला असावा लागतो. किटचे कारखानदार हा हिशेब सांभाळूनच किती भाग तयार द्यायचे ते ठरवतात. पण पत्र्यांची ही शिस्त साधारणपणे फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पोलादी पडद्यापाशी, संपते. त्याच्या पुढे कोणते इंजिन, कोणती उपकरणे, कोणती वायर कुठून न्यायची, हे बरेचसे बांधणाऱ्यानेच ठरवायचे असते.

आणि पत्र्याच्या कामातही काही भोके मुद्दाम न पाडता ठेवलेली असतात. आमच्या किटमध्ये पंखाचा मागचा कणा धडाला जोडणाऱ्या बोल्टचे भोक असे होते. पंखाची दिशा आणि पंख धडावर ज्या कोनात बसतो तो कोन ही दोन्ही मापे दोन्ही बाजूंना सारखी आली, की मगच ते भोक पाडायचे असते. एकदा पाडले की पाडले. बोल्ट ५/१६ इंच व्यासाचा, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटरचा, आणि भोकाचे केंद्र पत्र्याच्या कडेपासून निदान व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १६ मिलिमीटर, आत हवे. आम्ही पंखाच्या पुढच्या कडेवरून चार ओळंबे सोडले, त्यांचे दोरे डोलायचे थांबेपर्यंत शेडचे दार लावून घेतले, जमिनीवर खुणा केल्या आणि केंद्राची खूण पत्र्यावर उतरवली. उजवीकडे अंतर १७ मिलिमीटर आले. डावीकडे १४ भरले.

दोन मिलिमीटरसाठी काय अडते, असे त्या रात्री मलाही वाटले होते. दादाने ड्रिल उचलू दिले नाही. ओळंबे पुन्हा सोडले, धड पातळीत आहे का ते पुन्हा पाहिले, फूटपट्टी बदलून मोजले, तरी १४ च. मग त्याने आरसा आणि बारीक टॉर्च घेऊन कणा ज्या फटीत शिरतो तिच्यात डोकावून पाहिले, तेव्हा आतल्या बाजूला एका रिव्हेटचे, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्याचे, डोके कण्याच्या टोकाला टेकत असल्याचे दिसले. पंख हाताला घट्ट लागत होता, म्हणून तो पूर्ण आत बसला आहे असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो त्या डोक्यावर अडला होता. कारखान्याला छायाचित्र पाठवून त्या एका ठिकाणी पत्र्याशी सपाट बसणारे रिव्हेट वापरायची लेखी संमती घेतली, तसे केले, आणि पंख आत सरकला. नवी खूण कडेपासून १७ मिलिमीटरवर आली. माप चुकीचे येते तेव्हा ओढून-ताणून माप जुळवण्याचा मोह होतो, पण ते माप कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणची अडचण दाखवत असते.

रिव्हेटांबद्दल लेखात बरेच आले आहे, म्हणून एकच गोष्ट सांगते. १/८ इंचाचे, म्हणजे ३.२ मिलिमीटरचे रिव्हेट ठोकल्यावर त्याचे मागचे डोके साधारण दीडपट, म्हणजे ४.८ मिलिमीटर रुंद आणि अर्धपट, म्हणजे १.६ मिलिमीटर उंच व्हावे, हे माप सगळ्यांना पाठ असते. नवशिक्याचे डोके जरा वाकडे झाले की तो ते ड्रिलने काढतो, नवीन ठोकतो, तेही बिघडते, पुन्हा काढतो. तोवर भोक लंबगोल होते आणि जी जोडणी थोडी कुरूप पण मजबूत होती ती खरोखरच कमकुवत होऊन बसते. काढायचेच असेल तर कारखान्यात तयार झालेल्या डोक्याच्या मध्यावर पंचाने खूण करून ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीइतके खोल न्यावे, डोके पंचाने उचकटावे आणि उरलेली दांडी मागून लाकडाचा आधार देऊन हलकेच बाहेर काढावी. आमच्या हातून शेपटीच्या पहिल्या भागात अशी अकरा भोके मोठी झाली. त्यांतल्या नऊ ठिकाणी पुढच्या मापाचे रिव्हेट चालले. उरलेल्या दोन भोकांपायी ती फासळी नवी मागवावी लागली. नट-बोल्टांच्या बाबतीत जी चूक सर्रास होते तीही येथेच नोंदवते. आपोआप घट्ट राहणारा नट मोकळा फिरतानाही काही बळ खातो, ते बळ टॉर्क पान्यावर आधी मोजून तक्त्यातल्या आकड्यात मिळवायचे असते. ते न मिळवता पाना 'टक्' वाजला की थांबणारा माणूस बोल्ट ढिला सोडत असतो.

नकाशात बदल करण्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण लेखात 'स्वतःच्या कल्पनेला वाव' असा उल्लेख आहे. गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मृत्यू झाला, तो लाँग-ईझी जातीच्या, दुसऱ्या कोणी हौसेने बांधलेल्या आणि त्यांनी विकत घेतलेल्या विमानात. बर्ट रुटन यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची खुंटी वैमानिकाच्या दोन पायांमध्ये, समोर होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे नेली होती. उडत असताना तिच्यापर्यंत पोहोचायचे तर पट्टे बांधलेल्या अवस्थेत मागे वळावे लागे, आणि वळताना पाय रडरच्या, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पायपट्टीवर दाबला जाई. अपघाताच्या सरकारी चौकशीत त्या खुंटीच्या जागेचा कारणांमध्ये समावेश झाला. ज्याने ती जागा बदलली त्याची इंधनाची नळी कॉकपिटमध्ये नको ही इच्छा अगदीच गैर होती असे मी म्हणणार नाही. पण एक अडचण सोडवताना दुसरी कोणती जन्माला येते, हे खुर्चीत बसून, पट्टे बांधून, हात लांबवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्या वायरिंगकडे वळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली हौशी लोकांनी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन व त्याच्याशी निगडित यंत्रणा बंद पडणे आणि उडताना विमानावरचा ताबा सुटणे, हे दोन प्रकार त्यात सर्वाधिक आढळले. विमानाचा सांगाडा मोडण्याचे प्रकार विशेष आढळले नाहीत. म्हणजे ज्या रिव्हेटांसाठी आपण रात्रीची झोप घालवतो ती बहुधा टिकतात आणि ज्या नळ्या व वायरी आपण शेवटच्या वर्षी, रंगाचे आणि पहिल्या उड्डाणाचे वेध लागलेले असताना ओढतो, त्या दगा देतात. मला याचे एक कारण असे दिसते की रिव्हेट चांगले की वाईट हे डोळ्यांना दिसते, वायरची जोडणी मात्र नळीच्या आत झाकलेली असते. दुसरे कारण थकवा. पाच-सहा वर्षे पत्रा घासलेल्या माणसाला वायरिंग हे किरकोळ शेवटचे काम वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते.

आमचे इंजिन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. जमिनीवर इंजिन चालू असताना उतरण्याच्या वेळचा दिवा लावला की तेलाच्या तापमानाचा काटा एकदम सरके, आणि दिवा बंद केला की पुन्हा जागेवर येई. तेल काही क्षणात तापत नाही, म्हणजे काटा खोटे बोलत होता एवढे उघड होते. इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर दिवा लावला, तर काटा ढिम्म हलत नसे. त्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला की इंजिनाच्या थरथरीने तापमानाचा सेन्सर बिघडतो आहे. सेन्सर बदलला. फरक नाही. दादाने उपकरणच सदोष ठरवून ते तपासणीसाठी परत पाठवले, आणि महिन्याभराने ते 'निर्दोष' असा शेरा घेऊन परत आले. हा सगळा काळ आम्ही मल्टीमीटर हातात घेतला नव्हता, हे आज लिहितानाही मनाला टोचते.

उत्तर सापडले ते दुसऱ्याच तक्रारीतून. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरत होता आणि आम्ही त्याचा दोष बॅटरीला देत होतो. एका ओळखीच्या वृद्ध वीजतंत्रज्ञांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत व्होल्टेज किती येते, ते स्टार्टर फिरत असताना मोजलेत का?" आम्ही इंधन बंद केले, सर्व स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या, प्रोपेलरजवळ कोणी नाही याची खात्री करून घेतली, मीटरची एक टोकपट्टी बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या अंगावर धरली. दादाने कळ दाबली. मीटरवर २.१ व्होल्ट दिसले. एकाच 'अर्थ'ची दोन टोके, त्यांच्यात शून्याच्या आसपासच आकडा यायला हवा होता.

इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसवलेले असते. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिनाच्या अंगापासून फायरवॉलपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारेचा एक जाड पट्टा लावावा लागतो. तो आम्ही लावला होता, बोल्ट टॉर्कप्रमाणे आवळलाही होता, पण इंजिनाच्या ज्या कानाला तो लावला त्या कानावरचा राखाडी रंग खरवडायचा राहिला होता. नखभर रंग! वीज बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वाट काढत होती. स्टार्टर सुमारे २०० अँपिअर ओढतो असे धरले, तर त्या जोडाचा रोध एक शतांश ओहमच्या आसपास निघतो. तेवढाच रोध, इंजिन चालू असताना त्याच्यावर फिरणारा वीजजनक, अल्टरनेटर, २० अँपिअर देऊ लागला की ०.२ व्होल्टचा फरक पाडतो. तापमानाचा सेन्सर एकाच वायरीचा असून त्याचा परतीचा मार्ग इंजिनाच्या अंगातूनच जात असल्याने, तो फरक काट्यावर तापमान म्हणून उमटत होता. इंजिन बंद असताना अल्टरनेटरचा प्रवाह त्या पट्ट्यातून जातच नाही, म्हणून तेव्हा काटा शहाण्यासारखा वागे. आम्ही ज्या निरीक्षणावरून थरथरीचा निष्कर्ष काढला त्याच निरीक्षणात खरे उत्तर होते.

याहून काळजीची गोष्ट आम्हाला नंतर दिसली. थ्रॉटलच्या केबलचे धातूचे वेष्टण एका ठिकाणी निळसर-तपकिरी पडले होते. पट्ट्यातून वाट मिळेना तेव्हा स्टार्टरच्या प्रवाहाचा काही भाग कार्ब्युरेटरकडून थ्रॉटलच्या केबलमधून पॅनेलकडे परतत होता, आणि ती केबल त्यासाठी बनवलेली नव्हती. ती तशीच राहिली असती तर एके दिवशी हवेत इंजिनाचा वेग कमी-जास्त करताना तिने आम्हाला साथ दिली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. केबल बदलली. कान उघड्या धातूपर्यंत घासला, जोड आवळल्यावर वरून गंजरोधक लावले, आणि पुन्हा मोजले तेव्हा २.१ च्या जागी ०.१ व्होल्ट आले. स्टार्टर असा फिरला की बॅटरी नवी घातल्यासारखे वाटले.

मीटरविषयी एक इशारा येथेच द्यायला हवा. आमचा रेडिओ अधूनमधून बंद पडे. त्याच्या प्लगपाशी मीटर लावले की १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेल्या बॅटरीचा पूर्ण आकडा, व्यवस्थित दिसे. मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. रेडिओच्या जागी मोटारीचा एक छोटा दिवा लावून वायर बोटांनी हलवली, तेव्हा दिवा लुकलुकला, आणि तोही प्लगपाशी न लुकलुकता फ्यूजच्या बाजूची वायर हलवल्यावर. तिथला क्रिंप, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवलेला जोड, कापून उघडला. विमानाच्या २२ क्रमांकाच्या वायरीत १९ बारीक तंतू असतात. त्यातले बरेचसे वायरीचे आवरण सोलतानाच पक्कडीने कापले गेले होते, आणि उरलेल्यांवर टर्मिनलची नळी दाबण्याऐवजी आवरणावरच दाबली गेली होती. तांब्याला तिने नीट धरलेच नव्हते. ते काम माझ्या हातचे होते. मी साध्या पक्कडीने तेव्हा चाळीसेक टर्मिनले दाबली होती. ती सगळी कापून, तंतू न दुखावणाऱ्या सोलणीने आणि दाब पूर्ण झाल्याशिवाय न उघडणाऱ्या क्रिंप-पक्कडीने पुन्हा केली, प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिला. आणखी तीन जोड ओढताच हातात आले. डाख दिलेला जोड क्रिंपपेक्षा चांगला की वाईट यावर बांधणाऱ्यांमध्ये फार वाद चालतो. माझे मत असे की डाखाने वायर जिथे ताठ होते तिच्या लगतच ती थरथरीने तुटते, तेव्हा त्या जागेला आधार द्यायची शिस्त नसेल तर क्रिंपच करावा.

हेडफोनमधली शीळ ही तक्रारही हमखास ऐकू येते. इंजिनाच्या वेगाबरोबर तिची पट्टी चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची, आणि बहुतेक वेळा हेडफोनची सॉकेटे पॅनेलच्या धातूला थेट टेकल्याने आवाजाच्या वायरीला परतीचे दोन मार्ग मिळतात, म्हणून ती येते. वीज न वाहणाऱ्या दोन फायबर वॉशरांनी आमची शीळ गेली.

वायर किती जाड घ्यावी याचा अंदाज लेखात 'अनुभवाने येतो' असे म्हटले आहे, ते मला मान्य नाही, कारण तो साधा गुणाकार आहे. २२ क्रमांकाच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०५३ ओहम असतो. शेपटीवरचा ३ अँपिअरचा दिवा ५ मीटर लांबून या वायरीवर लावला, तर वाटेतच जवळपास ०.८ व्होल्ट जातात. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या दुरुस्तीविषयक परिपत्रकात १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या भारासाठी अर्ध्या व्होल्टची मर्यादा सांगितली आहे. तीच वायर १८ क्रमांकाची घेतली, आणि या मोजमापात क्रमांक जितका लहान तितकी वायर जाड हे लक्षात ठेवले, तर घट ०.३ व्होल्टच्या आसपास येते. फ्यूज हा उपकरणासाठी नसून वायर जळू नये म्हणून असतो, हेही तिथेच कळते. दिवा वारंवार फ्यूज उडवतो म्हणून मोठा फ्यूज घालणारा माणूस संरक्षण काढून घेत असतो.

सगळ्या वायरींमध्ये एक उलट्या स्वभावाची असते, तिची नोंद स्वतंत्रपणे करते. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र, बंद करणारी वायर तुटली तर मॅग्नेटो बंद न होता कायमचा चालू राहतो, कारण तो अर्थला जोडला गेला तरच गप्प बसतो. किल्ली काढलेली आहे, स्विच 'बंद'वर आहे, आणि तरीही प्रोपेलर हाताने फिरवणाऱ्यावर इंजिन चालू होऊ शकते. म्हणून ही वायर दोन्ही टोकांना पक्की बांधलेली हवी, आणि इंजिन थांबवण्याआधी मंद वेगावर क्षणभर स्विच बंद करून ते खरोखर मरू लागते का, हे नेमाने पाहावे.

वायर कुठून नेली आहे हेही ती कशी जोडली आहे इतकेच महत्त्वाचे. पोलादी फायरवॉलच्या भोकातून रबरी कड न लावता नेलेली वायर थरथरीने हळूहळू कापली जाते. नियंत्रणाच्या दांड्यांजवळून जाणारी जुडी हाताने हलकेच दांडीकडे दाबली तरी अर्धा इंच अंतर उरले पाहिजे, असे तेच परिपत्रक सांगते. आमच्याकडे ते उरत होते, पण दांडी पूर्ण डावीकडे आणि पूर्ण मागे नेल्यावर उरत नव्हते. मध्यात ठेवून पाहिले म्हणून आधी कळले नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे एमडी-११ विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ कोसळून २२९ माणसे गेली. त्या चौकशीत कॉकपिटजवळच्या छताच्या आत वायरींमध्ये ठिणगी पडून, तिथल्या उष्णतारोधक आवरणाने पेट घेतल्याचे निष्पन्न झाले. ते प्रशिक्षित तंत्रज्ञांच्या देखरेखीतले, मोठ्या कंपनीचे विमान होते. आपण तर रात्री दिवा डोक्याला बांधून, पॅनेलखाली उताणे पडून हे काम करत असतो.

एक तक्रार मला नोंदवायची आहे, कोणाचे नाव न घेता. आमच्या किटसोबत आलेल्या वायरिंगच्या नकाशात फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली-वर होणाऱ्या पट्टीच्या, मोटारीच्या दोन वायरी एका पानावर एका रंगाच्या आणि पुढच्या पानावर दुसऱ्याच रंगाच्या दाखवल्या होत्या. आम्ही पहिले पान धरून चाललो आणि फ्लॅप वर जाण्याऐवजी खाली आले. सुदैवाने ते शेडमध्ये, दोन माणसे बाजूला उभी असताना झाले. विचारणा केल्यावर उत्तर आले की ती चूक त्यांना आधीपासून ठाऊक होती आणि नव्या प्रतीत दुरुस्त केली आहे. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांना ती कळवण्याची गरज त्यांना वाटली नव्हती, आणि नकाशावर आवृत्तीची तारीखही नव्हती. ज्या वस्तूवर दोन माणसे आपला जीव टाकणार आहेत तिच्या नकाशाला तारीख नसावी, ही गोष्ट मला आजही संतापजनक वाटते. किट विकणाऱ्यांनी प्रत्येक दुरुस्ती प्रत्येक ग्राहकाला कळवणे ही त्यांची मेहेरबानी नव्हे. त्यानंतर आम्ही पुस्तिकेतला नकाशा बाजूला ठेवून स्वतःचा काढला. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवला, आणि वायर ओढली त्याच दिवशी तिची नोंद वहीत केली. दादाची ती वही आता जाड झाली आहे. कोणतीही नवी तक्रार आली की आम्ही पाना उचलण्याआधी तिच्यात तीन गोष्टी लिहितो: काय दिसले, तेव्हा काय चालू होते आणि काय बंद होते. मगच मीटर, आणि एका वेळी एकच बदल. सेन्सर बदलला तेव्हा हे पाळले असते तर एक महिना आणि एक निर्दोष उपकरण वाचले असते.

आपल्या लेखमालेचा पुढचा भाग पहिल्या उड्डाणावर येणार असल्याचे लेखाच्या शेवटी जाहीर केले आहे. त्याआधी एक भाग या झाकलेल्या कामासाठी द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात इंधनाच्या प्रवाहाची जमिनीवरची चाचणी अवश्य यावी. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलून, नळीचे टोक मोजपात्रात सोडून, इंजिनाच्या पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट इंधन नुसत्या गुरुत्वाने येते का, किंवा पंप असल्यास सव्वापट येते का, हे पाहायचे असते. त्याला एक दुपार लागते. ज्या अपघातांचा मी वर उल्लेख केला त्यांतल्या इंजिन थांबण्याच्या प्रकारांशी या एका दुपारचा थेट संबंध आहे. आणि आपल्या लेखात दुसऱ्या बांधणाऱ्याकडून करून घ्यायच्या तपासणीला 'औपचारिकता' म्हटले आहे, तो शब्द कृपया मागे घ्यावा. आमच्या दांडीजवळची ती जुडी आम्हाला दोघांनाही वर्षभर दिसली नव्हती. तपासायला आलेल्या बाईंनी दांडी कोपऱ्यात नेताच ती त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दिसली.

इंजिनाच्या कानावरचा तो तांब्याचा पट्टा आम्ही दर वर्षीच्या तपासणीत काढतो, घासतो, पुन्हा लावतो आणि स्टार्टर फिरवून मोजतो. यंदाचा आकडा ०.१ व्होल्ट आहे आणि तो दादाने वहीत तारखेसह लिहिला आहे.

आपली विश्वासू,
एक विमान बांधणारी वाचक